'दर चारांत एक नैराश्यग्रस्त' असे छापण्यापूर्वी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की पाहण्यांच्या बातम्या सुरू होतात. कधी महाविद्यालयीन विद्यार्थी, कधी नोकरदार, कधी शेतकरी कुटुंबे. मथळा ठरलेला असतो: 'दर चारांत एक नैराश्यग्रस्त', 'निम्म्या महिलांना नैराश्य'. बातमी शेवटपर्यंत वाचली तरी हे कशाने मोजले, किती दिवसांच्या तक्रारी विचारल्या, किती गुणांवर रेघ मारली, याचा पत्ता लागत नाही. आम्ही काही जण सर्वेक्षण-पद्धती आणि सामुदायिक मानसिक आरोग्य या क्षेत्रांत काम करतो. अशा पाहण्या करणाऱ्या संस्था आणि त्या छापणारी वृत्तपत्रे, दोघांसाठी हे पत्र आहे. ते लांबले आहे, कारण आकडेमोड मांडून दाखवल्याशिवाय मुद्दा पटणार नाही.

नैराश्य हा खराखुरा, जीवघेणा ठरू शकणारा आजार आहे आणि आपल्याकडे तो बहुतेकदा उपचारांविना राहतो, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. म्हणूनच त्याची मोजदाद ढिसाळ झालेली आम्हाला सहन होत नाही. फुगलेल्या टक्क्याच्या भरवशावर योजना आखली, की मोजके समुपदेशक आणि त्याहून मोजके मनोविकारतज्ज्ञ सौम्य तक्रारींच्या गर्दीत अडकतात. ज्या बाईने चार महिन्यांपासून अंथरूण सोडलेले नाही तिचा नंबर लागतच नाही.

दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात ३४,८०२ प्रौढांच्या मुलाखती झाल्या आणि 'मिनी' या नावाने ओळखली जाणारी बांधीव (ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारून निदान करणारी) निदान-मुलाखत वापरली गेली. त्या वेळी नैराश्य असलेल्यांचे प्रमाण २.७ टक्के आले. (त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे 'महाराष्ट्रातले प्रमाण' म्हणून त्या अहवालाचा हवाला कुणी देत असेल तर तो चूक आहे.) त्याच दशकात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या सामुदायिक मानसिक आरोग्य प्रकल्पाने पाहणी केली, तेव्हा सुरुवातीचे प्रमाण १४.६ टक्के निघाले. विदर्भातल्या शेतीची अवस्था पाहता तिथे प्रमाण जास्त असणे अगदी शक्य आहे. पण पाचपटीचा हा फरक वाचताना एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. विश्रामने निदान-मुलाखत वापरली नव्हती. पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरून १० किंवा अधिक गुण मिळालेल्यांना मोजले होते. हत्यारच वेगळे होते.

पीएचक्यू-९ आता जगभर वापरतात. ती २००१ मध्ये अमेरिकेतल्या क्रोंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी प्रसिद्ध केली. ती विनामूल्य आहे, आणि तिच्या प्रसाराचे हे मोठेच कारण. गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न असतात: कशातच रस न वाटणे, मन उदास असणे, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणे, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा उलट चुळबुळ वाढणे, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण ० ते २७. ५, १०, १५ आणि २० वर रेघा मारून सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र असे गट पाडतात. मूळ अभ्यासात १० गुणांच्या रेघेवर संवेदनशीलता ८८ टक्के आणि विशिष्टता ८८ टक्के आली होती. म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी ८८ टक्के सापडले आणि आजार नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर बाजूला निघाले. पुढे ५८ अभ्यासांतल्या १७,३५७ व्यक्तींची मूळ माहिती एकत्र करून २०१९ मध्ये जे विश्लेषण झाले, त्यात तज्ज्ञांच्या मुलाखतीशी ताडून पाहिल्यावर हे आकडे ८८ आणि ८५ आले. प्रश्नावलीसाठी ही कामगिरी उत्तम आहे. घोळ पुढे होतो.

१,००० प्रौढांचे गाव घ्या. त्यात खरोखर नैराश्याचा आजार असलेले ३० जण, म्हणजे ३ टक्के, आहेत असे धरू. ८८ टक्क्यांच्या हिशेबाने त्यातले २६ प्रश्नावलीत सापडतील. उरलेल्या ९७० जणांना हा आजार नाही, पण त्यातल्या १५ टक्क्यांचे, म्हणजे सुमारे १४६ जणांचे गुण १० च्या वर जातील. एकूण १७२ जण रेघेच्या वर. बातमी होईल: 'गावात १७ टक्के नैराश्यग्रस्त'. प्रत्यक्षात त्या १७२ पैकी दर सातांत एकालाच आजार आहे. हीच प्रश्नावली मनोविकार ओपीडीत वापरली, जिथे १,००० पैकी ३०० जणांना खरोखर नैराश्य आहे असे धरू, तर २६४ खरे आणि १०५ खोटे सापडतील. म्हणजे रेघेवरच्या दर दहांत सात खरे. कागद तोच, रेघ तीच, पण आजाराचे मूळ प्रमाण कमी असलेल्या लोकसंख्येत ती चाळणी म्हणूनच वापरता येते. चाळणीत राहिले ते सगळे खडेच, असे कुणी धरत नाही. इथे मात्र आपण नेमके तेच धरतो.

हा केवळ कागदी हिशेब आहे असे वाटू नये. ज्यांत पीएचक्यू-९ आणि तज्ज्ञाची निदान-मुलाखत दोन्ही त्याच माणसांवर झाली होती, अशा ४४ अभ्यासांचे विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रश्नावलीने, १० च्या रेघेवर, प्रमाण दाखवले २४.६ टक्के. मुलाखतीने दाखवले १२.१ टक्के. दुप्पट. रेघ १४ वर नेली तर सरासरीने दोन्ही आकडे जवळ येतात, पण अभ्यासागणिक फरक इतका होता की १४ ही सर्वांसाठी रेघ ठरवता येत नाही.

काही जण म्हणतात, सूत्राने दुरुस्ती करून टाकू. सूत्र आहे आणि ते सोपे आहे: दिसलेल्या प्रमाणात विशिष्टता मिळवून त्यातून १ वजा करायचा, आणि आलेल्या संख्येला संवेदनशीलता अधिक विशिष्टता वजा १ ने भागायचे. वरच्या गावात ०.१७२ अधिक ०.८५ वजा १, भागिले ०.७३, उत्तर ३ टक्के. छान. पण विशिष्टता ८५ ऐवजी ९० धरली तर तेच उत्तर ९.२ टक्के होते, आणि ८३ धरली तर ०.३ टक्के. विशिष्टता ८३ ते ९० अशी सात टक्क्यांच्या पट्ट्यात अनिश्चित असली, तरी निकाल शून्यापासून नऊपर्यंत हलतो. परदेशातल्या दवाखान्यातली विशिष्टता उसनी आणून मराठवाड्यातल्या गावाचा आकडा दुरुस्त करणे म्हणून धोक्याचे. स्थानिक पडताळणीला पर्याय नाही. गोव्यात ती झाली होती: प्राथमिक आरोग्य सेवेत आलेल्या ५९८ जणांवर पाच वेगवेगळ्या प्रश्नावल्या एका बांधीव मुलाखतीशी ताडून पाहिल्या गेल्या आणि तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० मध्ये निष्कर्ष आलेल्या 'मानस' या उपचार-चाचणीत, गोव्यातल्या २४ दवाखान्यांत, रुग्ण शोधायला त्यातलीच जीएचक्यू-१२ ही प्रश्नावली वापरली होती. आधी माप तपासले, मग मोजले.

आता हे जास्तीचे १४६ जण येतात कुठून? त्यातले कित्येक खरोखर दुःखात असतात. कर्ज, घरातले भांडण, नुकताच झालेला मृत्यू. त्यांची दखल घ्यायलाच हवी, पण ते नैराश्याच्या आजारात मोजले जाऊ नयेत. दुसरा मोठा गट शरीराच्या तक्रारींतून येतो. पीएचक्यू-९ च्या नऊ प्रश्नांपैकी झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचाल हे पाच प्रश्न शरीराशी जोडलेले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा एखाद्या बाईच्या घरात तान्हे बाळ आहे असे धरा. थकवा रोजचा: ३. झोप रोज मोडते: ३. भूक अर्ध्याहून जास्त दिवस नाही: २. लक्ष लागत नाही: २. झाले १०. मन उदास आहे का, आवडीच्या गोष्टींत रस उरलाय का, या दोन्हीला तिचे उत्तर 'अजिबात तसे नाही' असे असले तरी ती 'मध्यम नैराश्यात' मोजली गेली. तिला समुपदेशकाआधी हिमोग्लोबिनची तपासणी आणि रात्री बाळाला सांभाळणारे कुणीतरी हवे. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड, रात्रपाळी, मोतीबिंदूने वाचता न येणारे आजोबा, प्रत्येक जण थोडे थोडे गुण घेऊन येतो.

यावर एक सोपा उपाय त्या प्रश्नावलीतच आहे आणि तो फारसा कुणी वापरत नाही. बेरजेऐवजी निदानाच्या निकषांप्रमाणे मोजायचे: किमान पाच लक्षणे 'अर्ध्याहून अधिक दिवस' हवीत, आणि त्यातले एक पहिल्या दोन प्रश्नांपैकी, म्हणजे रस न वाटणे किंवा उदास मन, असलेच पाहिजे. नववा प्रश्न थोडाही 'हो' असेल तर तो धरायचा. या पद्धतीने वरची बाई सुटते. काही खरे रुग्णही निसटतात, हे मान्य. चाळणीसाठी बेरीज बरी, प्रमाण सांगण्यासाठी निकष बरे. शिवाय नऊ प्रश्नांनंतर एक दहावा प्रश्न असतो: या तक्रारींमुळे काम, घर सांभाळणे, लोकांशी वागणे किती अवघड झाले? त्याचे गुण बेरजेत धरत नाहीत म्हणून तो कित्येक पाहण्या छापतच नाहीत. आजार आणि तात्पुरता त्रास यांतला फरक कळायला सर्वांत उपयोगी प्रश्न तोच आहे.

मग शरीराचे प्रश्न सरळ काढून टाकावेत का? १९८३ मध्ये आलेली एचएडीएस ही प्रश्नावली याच विचाराने बनली: रुग्णालयातल्या आजारी माणसांसाठी शारीरिक लक्षणे वगळून १४ प्रश्न. रुग्णालयात ते योग्यच. पण सर्वसाधारण लोकसंख्येत असे केले तर उलटी चूक होते, कारण नैराश्याचा माणूस दवाखान्यात येतो तो शरीर घेऊनच. 'डोकं जड राहतं', 'हातपाय गळाल्यासारखे होतात', 'जीव खालीवर होतो', 'अन्नाला चव नाही', 'अंगाची आग होते'. पस्तीस पेशंट बसलेल्या ओपीडीत यावर बी-कॉम्प्लेक्स आणि सलाइन मिळते आणि मूळ दुखणे तिथेच राहते.

'आपल्याकडची माणसे मनाचे बोलतच नाहीत, सगळे शरीरातून सांगतात' हे वाक्य मात्र आम्हाला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १४ देशांतल्या १५ केंद्रांच्या अभ्यासात, ज्यात बंगळुरूही होते, नैराश्याचे १,१४६ रुग्ण होते. निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ६९ टक्के रुग्ण डॉक्टरांकडे फक्त शारीरिक तक्रारी घेऊन आले होते. पण थेट विचारल्यावर मनाची लक्षणे नाकारणारे फक्त ११ टक्के निघाले. शरीराची तक्रार पुढे करणे जगभर चालते, आणि नीट विचारले तर माणसे सांगतात. उरतो प्रश्न नीट विचारण्याचा.

शारीरिक तक्रारी मोजायला स्वतंत्र प्रश्नावल्या आहेत, आणि त्यांचेही काटेकोर नियम आहेत. पीएचक्यू-१५ (२००२) मध्ये १५ तक्रारी, गेल्या ४ आठवड्यांतल्या, प्रत्येकीला ० ते २ गुण. रेघा ५, १० आणि १५ वर. त्यात पाठदुखी, सांधेदुखी, डोकेदुखी, छातीत दुखणे, चक्कर, धडधड, पोटाच्या तक्रारी हे सगळे येते. अंगाची आग, मुंग्या, डोके जड होणे यांपैकी काहीच त्यात नाही, त्यामुळे आपल्याकडच्या ठळक तक्रारी गाळल्या जातात. एक प्रश्न मासिक पाळीचा असून तो फक्त स्त्रियांसाठी आहे. म्हणजे स्त्रियांचे कमाल गुण ३०, पुरुषांचे २८. 'स्त्रियांमध्ये शारीरिक तक्रारी जास्त' असा निष्कर्ष काढायचा तर आधी तो प्रश्न वगळून दोघांची बेरीज १४ प्रश्नांवर करायला हवी. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला; अशा तालुक्यात या प्रश्नाला 'लागू नाही' हा पर्याय नसेल तर तिशीतल्या कितीतरी बायकांना तिथे ० मिळेल आणि त्यांची तब्येत कागदावर उगाच चांगली दिसेल. आणखी एक प्रश्न शरीरसंबंधाच्या वेळच्या त्रासाचा. सासू शेजारी बसलेली असताना त्याचे उत्तर काय येणार, हे सांगायला नको. तो रिकामा राहिला तर ० धरू नये.

मोठ्या पाहणीत आम्ही एसएसएस-८ सुचवतो. आठच प्रश्न, गेल्या ७ दिवसांबद्दल, प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण ३२. रेघा ४, ८, १२ आणि १६ वर. २०१४ मध्ये ती जर्मनीतल्या २,५१० सर्वसाधारण नागरिकांवर तपासली गेली. पाळीचा आणि शरीरसंबंधाचा प्रश्न तिच्यात नाही. पण जर्मन लोकांच्या रेघा ऊसतोड कामगारांना लावू नयेत. दिवसभर मोळ्या उचलणाऱ्या माणसाची पाठ आणि हातपाय दुखणारच, आणि तेवढ्यानेच त्याला ८ गुण मिळू शकतात. दोन्ही प्रश्नावल्या तक्रारीचा त्रास मोजतात. कारण सांगत नाहीत. त्यांच्या गुणांवरून 'मानसिक कारणाने होणारी दुखणी' असा शब्दप्रयोग कुणी करू नये.

इथे एक चूक अशी होते की ती तज्ज्ञांच्या निबंधांतही दिसते. झोप आणि थकवा हे दोन प्रश्न पीएचक्यू-९ मध्येही आहेत, पीएचक्यू-१५ मध्येही आणि एसएसएस-८ मध्येही. एकाच माणसाला दोन्ही प्रश्नावल्या दिल्या, दोन्ही बेरजांचा परस्परसंबंध काढला आणि 'नैराश्य व शारीरिक तक्रारी यांचे घट्ट नाते' असा निष्कर्ष मांडला, तर त्या नात्याचा काही भाग तेच उत्तर दोनदा मोजल्याने आलेला असतो. एसएसएस-८ मध्ये तर आठातले दोन, म्हणजे पाव भाग, सामाईक आहे. उपाय साधा आहे: ते दोन प्रश्न एका बाजूने काढून पुन्हा हिशेब करा आणि दोन्ही आकडे छापा. नाते उरतेच, कारण ते खरे आहे. पण खरे तेवढेच उरते. मुदतीही सांभाळा. एकीकडे २ आठवडे, दुसरीकडे ४, तिसरीकडे ७ दिवस. सर्वेक्षकाने मध्येच 'आता आपण फक्त गेल्या आठवड्याबद्दल बोलतोय' असे स्पष्ट म्हटले नाही तर माणूस आधीच्याच मुदतीत उत्तरे देत राहतो.

प्रत्यक्ष गावात विचारताना काय करावे, हे थोडे विस्ताराने सांगतो. 'स्वतः भरायची' प्रश्नावली आपल्याकडे बऱ्याचदा वाचून दाखवावी लागते, आणि तिथेच ती बदलते. 'अर्ध्याहून अधिक दिवस' हा पर्याय ऐकून कळत नाही. त्यासाठी १४ चौकोनांचा कागद करावा, दोन ओळी, प्रत्येकी सात. आजचा वार शेवटच्या चौकोनात लिहावा आणि मधले दोन आठवडी बाजार खुणेने दाखवावेत. 'मागल्या दोन बाजारांच्या मुदतीत किती दिवस असं झालं?' असे विचारून माणसालाच बोट ठेवू द्यावे. मग गुण द्यावेत: एखादाच दिवस किंवा एकही नाही तर ०, २ ते ६ दिवस १, ७ ते ११ दिवस २, १२ ते १४ दिवस ३. अमेरिकेतल्या मोठ्या दूरध्वनी-सर्वेक्षणात पीएचक्यू-८ (म्हणजे नववा प्रश्न गाळलेली हीच प्रश्नावली) साठी दिवसांची हीच विभागणी वापरली आहे. सर्वेक्षकाने 'म्हणजे थोडंसंच ना?' असे सुचवू नये. प्रश्न जसाच्या तसा, दोनदा, वाचावा. 'भूक न लागणे किंवा जास्त खाणे' यासारख्या जोडप्रश्नात 'हो' आले तर दोन्हींपैकी कोणते, याची वेगळी खूण करावी. बेरीज बदलत नाही, पण पुढे अर्थ लावता येतो.

शेजारी कुणी ऐकत असेल तर तशी नोंद फॉर्मवरच असावी, कारण अशा फॉर्मांचे गुण वेगळे काढून तपासावे लागतात. त्याच गावची, ओळखीची सर्वेक्षक असेल तर विश्वास मिळतो आणि नवव्या प्रश्नाला लपवाछपवीही होते. दोन्हींचा विचार करून ठरवावे. शारीरिक तक्रारींचे प्रश्न आधी घेतले तर बोलणे मोकळे होते, मात्र क्रम सर्वांसाठी एकच हवा. दुपारी ११ ते ४ मध्ये घरी सापडतात त्या बायका आणि म्हातारी माणसे. पुरुषांसाठी संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी परत जावे लागते. नाही गेलात तर गावाचा टक्का हा फक्त घरी असलेल्यांचा टक्का असतो. घरातला कोण निवडायचा हे चिठ्ठीने किंवा तक्त्याने ठरवावे, 'जो बोलायला तयार तो' असे नको. दोनपर्यंत उत्तरे रिकामी असली तर उरलेल्यांच्या सरासरीने भरता येतात. त्याहून जास्त असतील तर तो फॉर्म बेरजेतून बाद. १० पैकी एका घरी पर्यवेक्षकाने दोन-तीन दिवसांत पुन्हा जाऊन तेच प्रश्न विचारावेत. एखाद्या सर्वेक्षकाच्या सगळ्या फॉर्मांवर ओळीने ० असतील, तर ते गाव सुखी आहे असे समजण्याआधी त्याने प्रश्न विचारले होते का ते पाहावे.

व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या गुगल फॉर्मबद्दल एवढेच म्हणतो, की त्यातून टक्केवारी काढताच येत नाही. फॉर्म किती जणांपर्यंत पोचला हे माहीत नसते, आणि 'तणावाविषयी पाहणी' असे लिहिलेला दुवा तणावात असलेला माणूसच आधी उघडतो.

प्रमाण सांगायचेच असेल तर पाहणी दोन टप्प्यांत करावी. पहिल्या टप्प्यात सर्वांना प्रश्नावली. दुसऱ्यात १० आणि वरच्या सर्वांची प्रशिक्षित माणसाकडून निदान-मुलाखत, आणि रेघेखालच्यांपैकीही काहींची. ही 'काही' निवडण्यात काळजी घ्यावी. रेघेखालच्या सर्वांमधून सरसकट दहावा हिस्सा घेतला, तर तिथे सापडलेला एक रुग्ण हिशेबात दहांच्या बरोबर होतो आणि एकदोघांनी अख्ख्या गावाचा आकडा उडी मारतो. ५ ते ९ गुणांच्या पट्ट्यातून तिसरा हिस्सा आणि ० ते ४ मधून विसावा हिस्सा घेतला, तर निसटलेले रुग्ण जिथे असण्याची शक्यता जास्त तिथे लक्ष जास्त राहते. मुलाखत घेणाऱ्याला आधीचे गुण सांगू नयेत, आणि मुलाखत आठवडाभराच्या आत व्हावी. १,००० च्या पाहणीत यासाठी अडीचशे ते तीनशे मुलाखती लागतील. एवढे पैसे नसतील तर पाहणी जरूर करावी, पण तिला 'नैराश्याचे प्रमाण' म्हणू नये.

कार्यक्रमाचे यश मोजतानाही हीच सावधगिरी हवी. ज्यांचे गुण आज १० च्या वर आहेत तेच लोक निवडून तीन महिन्यांनी पुन्हा मोजले, तर काहीही न करता सरासरी खाली येते, कारण त्यातले बरेच जण वाईट पंधरवड्यात सापडलेले असतात. तुलनेसाठी गट नसेल तर ही घसरण उपचारांच्या खात्यावर जमा होते. विश्रामने ही चूक टाळली: तीच माणसे पुन्हा मोजण्याऐवजी गावांची नवी पाहणी केली. प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले. आमच्या मते त्या प्रकल्पाचा खरा मोलाचा आकडा दुसराच आहे: नैराश्याच्या लक्षणांसाठी मदत घेतलेल्यांचा वाटा दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेला. रेघ थोडी इकडे-तिकडे असली तरी तो बदल पुसला जात नाही. बातमीत अशा आकड्याला जागा मिळावी.

आशा सेविका तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक (आजारांचा धोका तपासण्याचा) फॉर्म भरतात, त्यातही पीएचक्यू-९ चे पहिले दोन प्रश्न आहेत. एकूण गुण ० ते ६. फॉर्मवर ३ पेक्षा जास्त गुण असणाऱ्याला पुढे पाठवा असे लिहिले आहे. मूळ अभ्यासातली शिफारस ३ किंवा जास्त अशी आहे. म्हणजे नेमके ३ गुण असलेली व्यक्ती एका नियमाने पुढे जाते, दुसऱ्याने घरीच राहते. आमची आरोग्य विभागाला विनंती आहे की ३ गुणांवर किमान आरोग्य केंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने उरलेले सात प्रश्न विचारावेत. दोन-तीन मिनिटांचे काम आहे.

आणि नववा प्रश्न. मरणाच्या विचारांबद्दल विचारायचे आणि उत्तर 'हो' आले तर फॉर्म गठ्ठ्यात ठेवून पुढच्या घरी जायचे, हे कुठल्याही पाहणीत घडता कामा नये. 'देवानं आता न्यावं' म्हणणारी ऐंशीची आजी आणि घरात फवारणीचे औषध ठेवून रात्ररात्र जागणारा तरुण, दोघांनाही इथे १ किंवा २ गुण मिळतात. म्हणून 'हो' आले की त्याच वेळी, एकांतात, पुढचे विचारावे: काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का. यातल्या एकालाही होकार असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये. साधन घरातून हलवावे, त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून द्यावी, आणि यासाठी कुणाला फोन करायचा हे पाहणी सुरू होण्याआधी प्रत्येक सर्वेक्षकाच्या कार्डावर लिहिलेले असावे. नाव-गाव न घेणाऱ्या ऑनलाइन फॉर्ममध्ये हे शक्यच नसते. तिथे नववा प्रश्न गाळलेली पीएचक्यू-८ वापरावी. तिलाही १० चीच रेघ चालते.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अशी बातमी देताना एवढे जरूर विचारावे: प्रश्नावली कोणती, रेघ किती गुणांची, किती जणांना विचारले आणि ते निवडले कसे, प्रश्न कुणी आणि कुठे विचारले, त्यानंतर कुणाची प्रत्यक्ष तपासणी झाली का. वाक्य असे लिहिता येईल: 'पाहणीतल्या १,००० प्रौढांपैकी १७२ जणांचे पीएचक्यू-९ चे गुण १० किंवा अधिक आले, त्यांना नैराश्याचा आजार आहे का, हे तपासणीनंतरच कळेल.' आणि बातमीखाली टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापावा. ती २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि विनामूल्य.

आपले,
सर्वेक्षण-पद्धती व सामुदायिक मानसिक आरोग्य क्षेत्रांतले काही वाचक